दादाच्या स्केटबोर्डचा ब्रेक

माझ्या भावाच्या कामात कुणी खोट काढली की आधी त्याचा हात सुटायचा, तोंड नंतर. त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. मोटर पुन्हा जळाली म्हणून भांडायला आलेल्या एका गिऱ्हाइकाचं नाक त्याने तिथल्या तिथे फोडलं होतं. सगळे त्याला ठिणगी म्हणत. मी दादा म्हणते, आणि मीही त्याचीच बहीण आहे.

फळीला चाकं आणि मोटर लावून त्याने स्केटबोर्ड बनवला. ब्रेक नव्हता. पहिल्याच उतारावर त्याचे समोरचे दोन दात गेले. मग त्याने मोटरलाच ब्रेक करायचं ठरवलं. रिमोटचा खटका मागे ओढला की फिरती मोटर वीज तयार करून बॅटरीत ढकलणार आणि चाकं अडणार. पहिल्या चाचणीत ती इतकी कचकन अडली की दादा भिंतीवर आपटला, हनुवटी फाटली. त्याने बोर्डला लाथ घातली, टाके घालून आला नि पुन्हा कामाला बसला. दुकानासमोरच्या सपाट गल्लीत ब्रेक अलगद लागेपर्यंत त्याने कुणाला चैन पडू दिली नाही.

मग बोर्ड मला दिला, कामावर जायला. वाटेत बंद पडू नये म्हणून बॅटरी काठोकाठ भरून. आमच्या घराच्या दाराबाहेरच मोठा उतार. मी खटका ओढला, काही झालं नाही. खाली उभ्या ट्रकच्या फाळक्यावर आदळले. मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं.

दादाने बोर्ड गल्लीत भरपूर पळवून तपासला. ब्रेक लागत होता. इस्पितळात येऊन तो माझ्यावरच खेकसला, की घाबरून मी खटका ओढलाच नाही. आईलाही तेच पटलं. हातातला पाण्याचा ग्लास मी त्याच्या तोंडावर फेकून मारला.

"मला दिला होतास तसाच भरून घे, आणि त्याच उतारावरून जा."

दुसऱ्या कुणी मीटर लावून बघितलं असतं. दादाला अंगावर घेतल्याशिवाय काही पटत नाही. तो गेला.

संध्याकाळी इस्पितळातल्या माझ्या खोलीच्या दारात आला तेव्हा खांदा निखळलेला, अर्धा चेहरा सोलवटलेला. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नव्हती, तिने ती नाकारली आणि ब्रेक गेला, असं त्याने आईला सांगितलं. मग माझ्या पलंगाची कड धरून म्हणाला, "ओढला होतास तू."

त्याचं रक्त माझ्या चादरीवर गळत होतं. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. नर्सला हाक मारायला मी जरा वेळच लावला.