जावयाच्या टॉर्चचा रोध

छापील आकड्यांवर विश्वास न ठेवणाऱ्या माणसांचं उद्या एखादं संमेलन भरलं, तर अध्यक्षपद माझ्या सासूबाईंकडे बिनविरोध जाईल, आणि ते स्वीकारण्याआधी त्या आलेली माणसं स्वतः मोजून घेतील. अमरावतीच्या एका कॉलेजात त्यांनी उभा जन्म पदार्थविज्ञानाची प्रॅक्टिकल्स घेतली. निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळा सुटली, प्रयोग काही सुटले नाहीत. दोन हजार सोळा-सतराच्या सुमारास त्या आमच्याकडे डब्लिनजवळ ओंगारला उन्हाळाभर राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेतून लोणचं, तिखट, मुगवड्या निघाल्या आणि दोन सुती साड्यांच्या घडीतून मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न. "आई, हे कशाला आणलंस?" असं बायकोनं विचारलं तर म्हणाल्या, "परक्या गावी आपलं सामान असलेलं बरं असते."

आल्या आल्या त्यांनी आमच्या किटलीची परीक्षा घेतली. तळाशी छापलेले वॅट वाचले, पाणी मोजून ओतलं आणि घड्याळ हातात धरून उभ्या राहिल्या. पाणी उकळलं तशी किटलीकडे पाहत म्हणाल्या, "खोटं बोलून राहिली ही." मग भारतीय दुकानातून आणलेली तूरडाळ वजनकाट्यावर चढली. ती छापलेल्यापेक्षा थोडी जास्तच भरली. मला वाटलं, आता तरी खूश होतील. छे. "जास्त काहून भरली? ज्याले कमी मोजता येत नाही त्याले जास्त तरी कुठं मोजता येते," म्हणून त्या दुकानदारावर आणखीच नाराज झाल्या. शेजारची आयरिश बाई कुंपणापलीकडून "ग्रँड डे", म्हणजे आज छान हवा आहे, असं म्हणाली की सासूबाई आधी खिडकीबाहेर टांगलेला थर्मामीटर बघायच्या आणि मगच मान डोलवायच्या. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. लोक त्यात टॉवेल वाळवतात. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात टॉवेल ओले राहिले, कारण आत मुगवड्या होत्या आणि "दार उघडलं की दोन डिग्री जातात" म्हणून ते कपाट उघडायला आम्हाला बंदी होती.

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं. पुण्यात कॉलेजात असल्यापासून मी सिगारेट ओढत होतो. बायकोचे वडील, म्हणजे माझे सासरे, सिगारेटपायीच गेले, आमच्या लग्नाच्या बऱ्याच आधी. त्यामुळे लग्न ठरतानाच तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं की आईच्या वाट्याला जे आलं ते मला नकोय. मी सोडण्याचं वचन दिलं, ते मोडलं, पुन्हा दिलं. शेवटी ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून ती बॅटरीवर चालणारी, वाफेची सिगारेट आणली. बायको म्हणाली, "हा शेवटचा उपाय. ह्याच्यानंतर मी काही बोलणार नाही." तिचं न बोलणं काय असतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी मनापासून घाबरलो. आणि आईला मात्र कळता कामा नये, हेही ठरलं. आपल्याकडे मोठ्यांसमोर ओढत नाहीत, ओढण्याविषयी बोलतही नाहीत. त्यात ही सासू, आणि तिच्या नवऱ्याचं असं झालेलं. जीभ रेटणार कशी?

पण ते यंत्र स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेलं त्यांना दिसायचं ते दिसलंच. "हे काय आहे?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "टॉर्च आहे, आई." त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, बटण दाबलं. आत चर्र झालं आणि नळीच्या तोंडातून आंब्याच्या वासाची वाफ हळूच वर आली. बायको सिंकमधलं भांडं घासतच राहिली. सासूबाईंनी ती वाफ विरेपर्यंत पाहिली, यंत्र होतं तिथे नीट ठेवलं आणि म्हणाल्या, "उजेड जरा कमीच आहे हिचा." त्या दिवसापासून आमच्या घरात ती टॉर्च झाली.

त्या टॉर्चमध्ये एक छोटी कॉइल असते. बारीक तारेचं वेटोळं आणि भोवती कापूस. तार तापते, कापसातल्या रसाची वाफ होते. कॉइल चांगली असेल तर ठीक, वाईट निघाली तर कापूस करपतो आणि घशात अशी जळकी चव बसते की माणसाला दुसरं काही सुचत नाही. म्हणजे मला एकच सुचायचं. कॉइल करपली की मी "दूध संपलंय वाटतं" असं म्हणून पेट्रोल पंपावरच्या दुकानात जायचो, मागच्या बाजूला उभं राहून एक सिगारेट ओढायचो, च्युइंग गम चघळायचो आणि दुधाचा कॅन घेऊन घरी यायचो. कॉइली वरचेवर करपायला लागल्या आणि फ्रिजमध्ये दूध मावेना. सासूबाई काही न बोलता पनीर करायच्या, बासुंदी करायच्या, पेढे करायच्या. बायकोची एक मैत्रीण लिमरिकहून आली होती, ती पेढे खाऊन म्हणाली, "काय गं, काही गोड बातमी आहे का?" बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं त्यावरून पेट्रोल पंपाचं तिला सगळं कळलेलं आहे एवढं मला कळलं.

एका सकाळी सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "जावईबापू, तुमची टॉर्च बिघडली की घरात दूध येते. तुमच्या लक्षात आलं का?"

"योगायोग असेल, आई."

"योगायोग एखादवेळी होते. हा तर नियमच होऊन राहिला." आणि कप माझ्यासमोर ठेवून शांतपणे म्हणाल्या, "कॉइल दाखवा बरं तुमची."

मी नवीन कॉइलींचं खोकं आणून दिलं. प्रत्येकीवर अर्धा ओहम असं छापलेलं. छापलेलं म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, रोध कमी निघाला तर कॉइल वीज जास्त ओढणार आणि कापूस करपणार, साधी गोष्ट आहे. मल्टिमीटर लावला. एकही कॉइल अर्धा ओहम दाखवीना, सगळ्या भलत्याच वर. त्यांनी खोकंच्या खोकं नापास केलं, बनवणाऱ्याचा उद्धार केला आणि जेवायला बसल्या. वरणभाताचा दुसरा घास हातातच राहिला. उठल्या, मल्टिमीटरच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना टेकवली, आणि काट्याऐवजी आकडे दाखवणाऱ्या त्या डबीत शून्य न आलेलं पाहून खुर्चीत बसल्या. "दोष वायरींचा आहे बाप्पा," त्या म्हणाल्या. "वायरींचा रोध मोजून मी कॉइलले बोलून राहिली होती." आपली चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यांनी स्वतःचं यंत्र करायला घेतलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, एक बॅटरी, वीज ठरावीकच सोडणारा एक तीन पायांचा तुकडा आणि कॉइल बसवायला एका मोडक्या टॉर्चचं तोंड. कॉइलमधून ठरलेली वीज सोडायची आणि थेट तिच्या दोन टोकांवर विजेचा दाब मोजायचा, म्हणजे वायरी मधे लुडबुडत नाहीत. कॉइली कमी पडल्या तेव्हा त्या माझ्याबरोबर टॉर्चच्या दुकानात आल्या. नऊवारी नव्हे, पण काठाची साडी, वर माझा रेनकोट, पायात बायकोचे बूट. काउंटरमागे हातभर गोंदलेला एक दाढीवाला पोरगा, भोवती ढगच ढग. सासूबाईंनी त्याला इंग्रजीत स्वच्छ विचारलं की तुम्ही विकण्याआधी कॉइल मोजता का. तो म्हणाला, नाही, पाकिटावर लिहिलेलं असतं. त्यावर त्यांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानं तोंडातली नळी काढून खिशात ठेवली. पुढच्या खेपेला आम्ही आमचा बिस्किटांचा डबा घेऊन गेलो आणि त्यानं निमूटपणे एकेक कॉइल पुढे केली. मला हळूच म्हणाला, "युअर मदर-इन-लॉ इज सम वुमन." म्हणजे जबरदस्त बाई. मी म्हटलं, मला सांगतोस?

तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर आमची प्रॅक्टिकल्स सुरू झाली. त्या दाबाचा आकडा वाचायच्या, मी भागाकार करून रोध काढायचो. पास झालेल्या कॉइली हळदकुंकवाच्या डबीत, नापास झालेल्या कचऱ्यात. टॉर्च कशासाठी लागते हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. "रात्री उजेडाची फार गरज पडते का?" एवढंच कधीमधी विचारायच्या, आणि मी "पूर्वीपेक्षा कमी, आई" म्हणायचो. चव करपेनाशी झाली, पेट्रोल पंपाची वाट सुटली. शेवटी एक दिवस असा आला की चहापुरतंही दूध घरात नव्हतं, आणि सासूबाई रिकामा कॅन हातात धरून अशा हसल्या की बायको हातातलं काम टाकून बघत राहिली. त्या दिवशी आम्ही तिघं काळा चहा प्यायलो.

उन्हाळा संपला, त्या परत गेल्या. डबा माझ्या हवाली करताना म्हणाल्या, मोजल्याशिवाय वापरायची नाही. मीही मोजल्याशिवाय वापरली नाही. पण मोजायची पाळी कमी कमी होत गेली, आणि पुढच्या वर्षी केव्हातरी लक्षात आलं की टॉर्च कुठे ठेवलीय तेच मला आठवत नाहीये. रविवारी अमरावतीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं. खरं काय ते सांगून टाकावं असं फार मनात होतं, पण सासूबाईंचा आवाज ऐकला की आजही जीभ अडखळते.

"आई, आता टॉर्च लागत नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

मग सावकाश म्हणाल्या, "चांगलं झालं, जावईबापू. ह्यांच्यासाठी पण काही करता आलं असतं. हातात सगळं होतं माझ्या, सामानही होतं. मी नुसती धूर जावा म्हणून खिडकी उघडत राहिली."

बायकोनं माझा चेहरा पाहिला आणि माझ्या हातातून फोन घेतला.