नदीपलीकडची शाळा

बाळांनो, तुम्ही तिकडे मेलबर्नहून फोनवर विचारता, "आजी, आत्याकडे तू दिवसभर करतेस तरी काय?" गेल्या वर्षी काय केलं ते नीट लिहून ठेवते. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती तुम्हाला माहीत असावी असं मला वाटतं.

इथे आत्याच्या या नावन गावच्या वाचनालयात दर मंगळवारी सकाळी परदेशातून आलेल्यांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग असतो. मी तिथे शिकवते. त्या वर्गातच मला एक बाई भेटली. युक्रेनमधल्या एका लहान गावच्या नगरपालिकेत ती नियोजन अधिकारी होती. युद्ध सुरू झाल्यावर मुलीला घेऊन इथे आली. तिची आई मात्र नदीपलीकडच्या वस्तीतलं घर सोडायला तयार नव्हती. शाळा उघडली की आपणही तिकडे परतायचं, असं हिने मुलीला सांगून ठेवलं होतं.

नगरपालिकेची इमारत पडली होती. उरलेले सहकारी एका बालवाडीच्या तळघरात बसून गाव पुन्हा उभं करायचा आराखडा करत होते आणि ही इथून लॅपटॉपवर त्यांना मदत करत होती. मदत देणाऱ्या परदेशी लोकांसाठी तो इंग्रजीत हवा होता. माझी उभी हयात नगररचना विभागात गेलेली. मी म्हटलं, आण, मी बघते.

आत्या म्हणाली, "आई, तू रिटायर झालीयस. उद्या माझ्या पेशंटच्या फायलीही तपासशील."

"तुझं अक्षर लागलं तर तपासीन की."

ती मला चीफ म्हणायची. एकदा विचारते, "चीफ, तुमच्याकडे चहा बेकायदा बांधकामं पाडायच्या आधी घेतात की नंतर?" मी म्हटलं, "आधी, नंतर आणि मधेही." इतकी हसली, की वाचनालयातल्या बाईंनी आमच्याकडे मान वळवून पाहिलं.

आराखडा चांगला होता. पाण्याच्या वाहिन्या, दवाखान्याचं छप्पर, थंडीत घरं गरम ठेवण्याची सोय, सगळं तीन टप्प्यांत मांडलेलं. पण पहिल्याच टप्प्यात नदीपलीकडची शाळा होती. तिथे माझं पेन थांबलं.

"आज तिथे मुलं किती आहेत?"

"अकरा."

"आणि शाळा केवढी?"

"पूर्वी होती तेवढीच. दोनशे मुलांची."

"पटसंख्या नसताना पहिल्या टप्प्यात शाळा? कोणी मान्य करणार नाही. आधी लोक परतू देत, मग बांधा."

"शाळा नसेल तर लोक परतणार नाहीत, चीफ."

"तुझं घर त्या बाजूला आहे म्हणून तू असं म्हणतेस."

हे मी बोलायला नको होतं. तिने लॅपटॉप मिटला. पुढच्या मंगळवारी शाळा तिसऱ्या टप्प्यात गेलेली होती. इतकी वर्षं नगररचनेत काढलेल्या बाई सांगतात, असं म्हणून तिने सहकाऱ्यांनाही पटवलं होतं. टप्प्यांचा तक्ता आता पटसंख्येच्या निकषाला धरून झाला होता. मला समाधान वाटलं, हेही लिहायलाच हवं.

पाणी आणि दवाखाना यांना मदत मंजूर झाली. तिसऱ्या टप्प्याचा विचार नंतर करू, असं उत्तर आलं. नदीपलीकडची कुटुंबं जवळच्या शहरात भाड्याने राहून याच निर्णयाची वाट पाहत होती. शाळा लांबली हे कळल्यावर त्यांनी मुलांची नावं शहरातल्याच शाळांत घातली. एकेक गल्ली कायमची रिकामी झाली. प्रवासी नाहीत म्हणून बस बंद झाली, मग वाण्याचं दुकान. शेवटी तिच्या आईने घराला कुलूप लावलं आणि ती आपल्या भावाकडे राहायला गेली.

बाळांनो, मी ज्या गावांचे आराखडे केले, तिथे आम्ही रस्ता आखायच्या आधी माणसं घरं बांधून मोकळी झालेली असत. शाळा नेहमी त्यांच्या मागून धावायची. आधी डोकी मोजा, मग वर्ग बांधा, हा त्या गावांसाठीचा नियम होता. ज्या गावातून माणसं निघून गेली आहेत, त्या गावाला मी तो लावला. तिला हे कळत होतं. मी तिच्याहून वयाने मोठी होते, इंग्रजी माझं बरं होतं, म्हणून तिने माझं ऐकलं.

मी तिला म्हटलं, "चूक माझी झाली."

"सही माझी आहे, चीफ," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि शाळा पहिली ठेवली असती तरी त्यांनी नाहीच म्हटलं असतं कदाचित. ते आता कुणाला कळणार?"

मग एका मंगळवारी तिने मुलीच्या इथल्या माध्यमिक शाळेचा फॉर्म आणला. विद्यार्थिनी किती काळ इथे राहणार, असा एक रकाना होता. असल्या रकान्यात ती आजवर दरवेळी एक वर्ष असं लिहीत आली होती. आज तो कोरा ठेवून तिने कागद माझ्यापुढे सरकवला. मला काही लिहवेना. मी कागद तसाच परत दिला.

तिने पेन घेतलं, सावकाश लिहिलं, 'शिक्षण पूर्ण होईपर्यंत', आणि विचारलं, "इंग्रजी बरोबर आहे ना?"

मी वाचलं. बरोबर होतं. तसं मी तिला सांगितलं.