फितूर सेनापती

परवा फाटकाला चंदेरी रंग देताना त्याचा वास आला आणि जवळा बाजार गावातलं नाटक आठवलं. पत्र्याच्या तलवारींना तोच रंग होता. मोठे काका राजा झाले होते आणि वडील फितूर सेनापती. शेताच्या वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

राजाला पाठीमागून मारायचं होतं. वडिलांनी तलवार उचलली, थांबले आणि आधी वाकून काकांचे पाय धरले. लोक हसले.

“मार की गा, काहून थांबला?” कुणीतरी म्हणालं.

काका वळले. “मार बाबू, लोकं खोळंबून राहिले,” असं ते हळूच म्हणाले. कित्येक महिन्यांनी ते भावाशी बोलले होते.

वडिलांच्या हातून तलवार चाललीच नाही. नाटक फसलं म्हणून आम्ही मुलं तेव्हा हिरमुसलो. शेत अजून एकत्रच आहे.