ताईने टाकलेल्या पेशी

माझी थोरली बहीण सत्तावीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत होती. आजारी मुलांच्या हाडांतली मज्जा आली की त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या आणि निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात धडधाकट जनुक पोचवायचं, हे तिचं काम. "विषाणूचे दात पाडून त्याला हमाल केलाय," असं ती आम्हाला सांगायची. घरी दूध उतू गेलं तरी हिला पत्ता नसायचा. तिथे मात्र मिनिटाची हयगय नाही.

एकदा चार वर्षांची एक मुलगी आली. अंगात जन्मापासून प्रतिकारशक्तीच नव्हती, साधी सर्दीही जिवावर बेतायची. बाप शिंपी. तो रोज काचेपलीकडून विचारायचा, "आज कशा आहेत आमच्या पेशी?"

"तुमच्या लेकीसारख्याच, हट्टी," ताई म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेशींची पिशवी गढूळ दिसली. जंतू शिरले होते. पुढे चौकशीत ताईची चूक निघाली नाही, बाहेरून आलेल्या द्रावणाची बाटलीच खराब होती. पण पेशी टाकाव्या लागल्या, आणि त्या तिनेच टाकल्या. मोठे डॉक्टर "बापाला मी सांगतो" म्हणत होते, तरी तीच वर वॉर्डात त्याच्याकडे गेली.

शिंप्याने सगळं ऐकून घेतलं. "परत काढता येतील ना?"

"येतील. तिला कालपासून खोकला झालाय, तो थांबला की लगेच."

खोकला थांबला नाही. एकोणिसाव्या दिवशी पोर गेली.

ताई त्यांच्या घरी गेली, तर तिचा चेहरा बघून तोच म्हणाला, "ताई, सकाळपासून काही खाल्लंत का?" तिथे ती कशीबशी सावरली. माझ्याकडे येऊन भाजी चिरायला बसली आणि तिचा बांध फुटला.

दोन वर्षांनी याच उपचाराने एक मुलगा बरा झाला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. ताईही फोटोत आहे, अगदी कडेला.

"आनंद झाला गं, खोटं कशाला बोलू," ती मला म्हणाली. "पण त्याला पळताना बघून वाटलं, तीही आता सहा वर्षांची असती."

आता ती निवृत्त झालीये. शिंप्याचं दुकान बाजाराच्या वाटेवरच आहे. ती लांबच्या रस्त्याने जाते.