उतारा कसा पडला?

श्रीगोंद्याच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आई पदर तोंडाला लावून रडत होती आणि दादा, म्हणजे माझे वडील, कंडक्टरशी माझ्या पिशवीवरून हुज्जत घालत होते. कंडक्टर म्हणत होता, पिशवी मागं टाका. दादा म्हणत होते, "पोरीच्या मांडीवर ऱ्हाईल ती." पिशवीत बाजरीच्या भाकरी होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि सगळ्यात वर नवेकोरे कॅनव्हासचे बूट. ते मी एकदाही घातले नव्हते, कारण गावात आम्ही अनवाणीच खो-खो खेळायचो. मी तेरा वर्षांची होते आणि पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात माझी निवड झाली होती. गावातला जो तो म्हणत होता, नाव काढ, मेडल घेऊनच ये. दादा खिडकीशी आले आणि म्हणाले, "न्हाई जमलं तर ये माघारी, माई. तुझी खाट कुनाला देत न्हाई मी. जय भीम."

मला असा राग आला म्हणून सांगू! अहो, पोरगी निघालीय आणि तुम्ही तिच्या परत येण्याची तयारी करताय? दौंड येईपर्यंत मी फुगून बसले होते. मग भूक लागली आणि भाकरी काढली.

दादा साखर कारखान्यात गव्हाणीवर कामाला होते. गव्हाण म्हणजे जिथं ट्रॉलीतला ऊस आत पडतो आणि गाळपाला निघतो ती जागा. आमचं घर कारखान्याच्या जवळच. हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काळी राख पडायची, हवेला मळीचा आंबूस वास यायचा आणि भोंग्यावर आमचं उठणं-जेवणं चालायचं. पुण्यात पहिले काही दिवस मला भोंगाच नाही म्हणून जाग येईना. वॉर्डन बाई शिट्टी वाजवायच्या, पण ती काय भोंग्यासारखी पोटात थोडीच जाते?

दर रविवारी दादा कारखान्याच्या गेटबाहेरच्या एसटीडी बूथवरून फोन करायचे. पहिल्या रविवारी मी धडाधड सांगायला लागले, अमक्या संघाविरुद्ध खेळलो, इतक्या गुणांनी हरलो, माझी पळतीची एक पाळी वाया गेली. त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते असू दे. उतारा कसा पडला?"

"कशाचा?"

"तुझा. हप्ताभर पळलीस, त्यातनं गोड काय निघालं?"

आमच्याकडं उतारा म्हणजे ऊस गाळल्यावर त्यातून किती साखर निघाली ते. ऊस दिसायला कितीही जाडजूड असो, उतारा पडला नाही तर कारखान्यात सगळ्यांची तोंडं लांब होतात. मला कळेना काय सांगावं. शेवटी म्हटलं, खांबाला सूर मारला तेव्हा कानात वारं शिरलं आणि मस्त वाटलं. "हां," दादा म्हणाले, "ह्ये बरं हाय."

मग दर रविवारी तेच. जिंकलीस का, हे त्यांनी कधी म्हणजे कधी विचारलं नाही. फोन येणार म्हणून मी शनिवारपासूनच आठवायला लागायची, ह्या आठवड्यात गोड काय निघालं बरं? कधी निघायचं ते अगदीच फुटकळ असायचं. शेजारच्या खाटेवरच्या शमिकाने फणसपोळी दिली, असलं काहीतरी. ही शमिका कोकणातली. बरेच दिवस ती माझं फोनवरचं बोलणं ऐकत होती. एक दिवस काळजीच्या सुरात म्हणाली, "तुमच्या जमिनीचं काही भांडण चाललंय का गो? बाबा सारखे उताऱ्याचं विचारतात. माझा मामा तलाठी आहे, सांगू त्याला?" तिला वाटलं सातबारा! मी हसून हसून खाटेवरून खाली पडले. आमच्याकडं जमिनीचा तुकडासुद्धा नव्हता.

आई काही रविवारी फोनवर यायची, काही रविवारी नाही. "आई कुठंय?" विचारलं की दादा म्हणायचे, "दळणाला गेली." मला तेव्हा आईचा थोडा रागच यायचा. रविवारीच कसं हिचं पीठ संपतं?

एकदा मात्र फार वाईट झालं. राज्य संघाच्या निवडीत माझं नाव आलं नाही. त्या रविवारी दादांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "काहीच नाही पडला उतारा." फोनवर मागून भोंगा ऐकू आला. दादांनी तो थांबू दिला. मग म्हणाले, "बरं. मंग आज गाळप बंद. सफाईला बंद ठिवतात का न्हाई, तसं. जेव अन् झोप." मी जेवले आणि खरंच झोपले.

तरी पंधराव्या वर्षी मनात यायचंच. बाकीच्या मुलींचे वडील निकालासाठी जीव टाकतात, आमच्या दादांना काही पडलेलीच नाही की काय? हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. गुडघा गेला, खेळ सुटला, फिजिओथेरपी शिकले, नोकरी लागली, लग्न झालं आणि बेंगळुरूला आले, तरी तो प्रश्न तसाच राहिला. माझ्यासारखं ज्यांनी लहानपणी घर सोडलंय त्यांना हे कळेल. घरच्यांना विचारायच्या काही गोष्टी आपण रस्त्यातच कुठंतरी ठेवून पुढं जातो.

तो प्रश्न परत उकरून काढला माझ्या लेकीने. बोधी अकरा वर्षांची आहे, बॅडमिंटन खेळते. इथं सगळंच निराळं. अ‍ॅकॅडमी, रँकिंग, डाएट, आणि प्रत्येक मॅचचं रेकॉर्डिंग. मॅच संपली की पार्किंगमधून गाडी निघायच्या आत नवरा व्हिडिओ लावायचा आणि मी सुरू व्हायची, बॅकहँडला पाय का नाही हलवलास? मी स्वतः खेळाडू, वर फिजिओ, मला सगळं दिसतं ना! अलीकडे मॅचच्या सकाळी तिचं पोट दुखायला लागलं होतं. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. आणि एका रविवारी सिग्नलला गाडी थांबली असताना मागच्या सीटवरून बारीक आवाज आला, "मम्मा, आज हरले. तरी डोसा खायला जायचंय का?"

जिंकली की आम्ही डोसा खायला जायचो, हे खरं. पण हरली की जायचं नाही असं कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. पोरीने मात्र ते बरोबर ओळखलं होतं. डोसा खाल्ला, पण तिने अर्धा टाकला आणि म्हणाली, तिला आता खेळायचंच नाही.

घरी आल्या आल्या मी गावाकडं फोन लावला. दादा आता निवृत्त आहेत, मोबाईल कानाला न लावता तोंडासमोर धरून बोलतात. मी सरळ विचारलं, "दादा, तुम्ही मला जिंकलीस का असं कधीच का नाही विचारलं?"

ते हसायलाच लागले. "अगं, मला आधीच म्हाईत असायचं की! पयला फोन तुझ्या खो-खोच्या सरांना लावायचो. निकाल त्यांच्याकडनं घ्यायचो, मंग तुला लावायचो."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत असायचं?"

"समदं. पर निकाल सर सांगत्यात. तू कशी हायेस, ते सरांना कुठं ठावं हुतं? ते तुलाच इचारावं लागायचं."

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, चांगला तापलेला. "आणि माझं सांगा की तिला! हरली असली का मला फोनला हात लावू देत न्हवते. म्हनायचे, तू रडशील, पोरगी खचंल."

"पण आई, तू तर दळणाला..."

"कशाचं दळान? तिथंच बाजूला उभी असायची मी!"

म्हणजे मी हरले त्या प्रत्येक रविवारी आई बूथमध्ये, त्या फोनपासून हातभर अंतरावर, तोंडात पदर कोंबून उभी होती. आणि मी इकडं तिच्या पिठाच्या डब्याला नावं ठेवत होते. मला रडू आलं आणि हसूही आलं. दादा जरा ओशाळून म्हणाले, "बरोबर केलं का चूक, ठावं न्हाई बाबा." आई म्हणाली, चूकच. लेकीबरोबर आई रडली तर लेक खचत नसते. खरं सांगू? मला अजून ठरवता येत नाही दोघांत कोण बरोबर. बहुधा दोघंही.

बोधीला आम्ही सांगितलं, महिनाभर गाळप बंद. म्हणजे काय, हे सांगताना तिला ऊस, गव्हाण, उतारा सगळं सांगावं लागलं. तिला ते फार आवडलं. महिना पुरा व्हायच्या आत तिने आपण होऊन रॅकेट काढली. व्हिडिओ आम्ही बंद केलाय. डोसा आता मॅचच्या आधीच खातो.

परवा ती पहिल्याच फेरीत हरली. आम्ही पार्किंगमध्ये असतानाच मला दादांचा फोन आला, "निकाल काय?" मी हळूच सांगितला. त्यांनी ठेवला आणि लगेच बोधीच्या घड्याळात रिंग वाजली. मी गाडी सुरू केली नाही.

"आजोबा, उतारा कमी पडला," ती म्हणाली. "पण समोरची मुलगी खूप छान आहे, तिच्याकडे कासव आहे. आजी कुठंय?"

इतक्या वर्षांची सवय, दादा बोलून गेले, "आजी व्हय? दळणाला गेली."

पलीकडे काहीतरी धडपड झाली, फोन पडल्यासारखा आवाज आला, आणि मग आईचा आवाज गाडीभर घुमला.

"मी हितंच हाय गं बाळा. हितंच हाय. बोल."