अण्णांची कात्री

छायाचित्र माणसाला अमर करतं, असं सोलापुरातल्या प्रत्येक स्टुडिओवाल्याचं ठाम मत होतं. आमच्या घरात हे अमरत्व अण्णांच्या मर्जीवर असे. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, चादरींच्या कारखान्यातले हेडक्लार्क. ज्याच्याशी भांडण होई त्याला ते आल्बममधल्या फोटोतून कात्रीनं कापून काढत. कापलेला माणूस मात्र फेकून देत नसत. तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाई. आमच्या एका मुंजीच्या फोटोत बटू जवळजवळ एकटाच उरला होता. बाकीचे सगळे डब्यात होते.

समेटाचीही रीत ठरलेली होती. कापलेल्या माणसानं घरी यायचं, खाटेवर बसायचं, चहा घ्यायचा. तो बशीत ओतून होईपर्यंत अण्णा डब्यातून त्याचा तुकडा शोधून काढत आणि गव्हाच्या खळीनं जागच्या जागी चिकटवत. आत्याचे यजमान इतक्या वेळा आत-बाहेर झाले होते की त्यांच्यामुळे आल्बमचं ते पान मिटत नसे. "राग हाय म्हणून कापलं," अण्णा सांगत, "माणूस हाय म्हणून ठिवलं." यात आपण काही विशेष बोललो, असं त्यांना वाटत नसे.

डब्यात कायमचे राहिले ते एकटे वसंतकाका. हे अण्णांचे धाकटे भाऊ, गावाकडे वैरागला शेती बघायचे. आजी चार दिवस राहायला म्हणून त्यांच्याकडे गेली आणि तिथंच गेली. निरोप पोचून अण्णा सोलापूरहून वैरागला उतरले, तोवर वसंतकाकांनी अग्नी दिला होता. "उन्हाळा होता, अण्णा. किती थांबणार?" एवढंच ते म्हणाले. अण्णांनी घरी येऊन कात्री घेतली.

तो फोटो आजीबरोबर दोघा भावांचा होता. आजी खुर्चीत, मागं दोघं उभे, वसंतकाकांचा हात अण्णांच्या खांद्यावर. कापताना अडचण झाली. हात काढायचा तर अण्णांचा खांदाही जाणार होता. अण्णांनी मनगटापाशी कात्री वळवली. तेव्हापासून त्या फोटोत आजीमागं अण्णा एकटेच उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर कुणाचाच नसलेला एक हात होता.

मी वैरागला गेलो की वसंतकाका विचारायचे, "चिकटवलं का रे मला?"

"तुम्ही आधी या म्हणतात."

"आदी चिकटवा म्हणावं, मग येतो की."

हा निरोप मी सोलापुरात पोचवला की अण्णा म्हणत, "त्याला म्हणावं, खळ वाळून चालली." खळ त्यांनी केलेलीच नसे.

पुढं मोबाईल आले. लग्नांचे फोटो ढिगानं येऊ लागले आणि कागदावर एकही येईना. अण्णांनी तक्रार केली, तेव्हा त्यांच्या मुलानं, शिरीषनं, त्यांना बोटानं माणूस कापून दाखवला. अण्णांनी चष्मा वर केला.

"आणि तुकडा कुटं गेला?"

"कुठं नाही, अण्णा. गेलाच तो."

"मग हे न्हाय आपल्या कामाचं," म्हणून त्यांनी मोबाईल परत दिला.

शिरीष पुण्यात असतो. दर दिवाळीला घरातलं काहीतरी आवरून जाणं हा त्याचा धर्म आहे. एका दिवाळीत त्यानं आल्बममधले सगळे फोटो स्कॅन केले आणि वाळवी लागेल म्हणून आल्बम रद्दीत दिले. हे अण्णांना कळलं ते वसंतकाकांना सोलापूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा. दुखणं बरं होण्यातलं नव्हतं. मी ते सांगितल्यावर अण्णा खाटेवरून उठले. मग म्हणाले, "डबा काढ. आल्बम काढ. तितंच घेऊन जाऊ. चहा त्याच्याकडंच घेऊ."

डबा निघाला. आल्बमसाठी शिरीषला फोन केला. "सगळं आहे मोबाईलमध्ये," तो म्हणाला, "एकही फोटो गेलेला नाही."

"वसंता हाय का त्यात?" अण्णांनी विचारलं.

नव्हते. वसंतकाका डब्यात होते.

शिरीषनं पाठवलेल्या फोटोची मी नव्या पेठेतल्या स्टुडिओतून प्रत काढून आणली. अण्णांनी शेजारी तुकडा ठेवून पाहिला. प्रत मूळ फोटोपेक्षा लहान आली होती. वसंतकाका अण्णांपेक्षा हातभर उंच दिसत होते आणि त्यांच्या मनगटापुढचा हात लहान मुलाचा वाटत होता. "हा एवढा उंच कधीच नव्हता," अण्णा म्हणाले. "मोठा करून आण." मोठा करून आणला, तर तो फार मोठा झाला. मी म्हणालो, "अण्णा, फोटो राहू द्या. नुसते चला."

"रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

मी पुन्हा स्टुडिओत गेलो. या वेळी प्रत बरोबर आली. ती घेऊन मी पोचलो, तेव्हा अण्णा दारात उभे होते. घरात खळीचा वास होता आणि दवाखान्यातून फोन येऊन गेला होता.

वैरागला या वेळी अग्नी द्यायला अण्णांसाठी थांबले होते. सदऱ्याच्या खिशात त्यांनी तो तुकडा ठेवला होता. तो त्यांनी जाळला नाही आणि चिकटवलाही नाही. पुढं कधी विषय निघाला की म्हणत, "समोर बसला पायजे. त्याच्या माघारी कसा चिकटवू?"

गेल्या वर्षी अण्णाही गेले. तुकडा आता माझ्याकडे आहे. पांढरा सदरा घातलेले वसंतकाका फोटोग्राफरकडे बघून हसताहेत, आणि त्यांचा उजवा हात मनगटाशी संपतो.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला शिरीषनं तो आजीबरोबरचा फोटो कुठल्याशा ॲपमधून स्वच्छ करून सगळ्यांना पाठवला. फार सुंदर आला आहे. डाग गेले, सुरकुत्या गेल्या, अण्णांच्या सदऱ्याची घडीसुद्धा दिसते. खांद्यावरचा हात ॲपनं काढून टाकला आहे.