नेलकटरवाले गृहस्थ

ऑपरेशननंतर बाबा आठवडाभर कंपू नावाच्या वस्तीतल्या इस्पितळात होते. तिथे रोज दुपारी एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ यायचे. गळ्यात छोटा क्रूस, खिशात नेलकटर. ज्यांना वाकता येत नसे, अशा पेशंटच्या पायांची नखं ते कापून द्यायचे. आधी तळवा ओल्या फडक्याने पुसायचे, मग कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे. त्यांना आमचं मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

बाबा आम्हाला कुणालाच पायाला हात लावू देत नव्हते. त्या गृहस्थांपुढे मात्र एक पाय केला, पण तोंड गप्प बसेना.

"याने स्वर्गात जागा पक्की होते का हो?"

"जगह तो प्रभु ने पहले ही दे दी है, बाबूजी. पर वहाँ कोई बीमार नहीं होगा. मेरा काम तो यहीं है."

बाबांचा संशय बळावला. "आधीच सांगतो, मी धर्म बदलणार नाही."

"मत बदलिए," ते नखं झटकत म्हणाले. "पैर बदलिए. ये वाला हो गया."

जन्मभर वकिली केलेल्या बाबांनी दुसरा पाय पुढे केला.